भिंतीबाहेरची खाट

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय रेव्हरंड आमोस उजागरे, आपलं काम बाजूला ठेवून आलेले प्रमुख पाहुणे वकील काकासाहेब निमसे, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत ते आमचे अब्राहाम मकासरे मास्तर, आणि शालेम सोसायटीतल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा सलाम.

मी दया साळवे. मुलींच्या शाळेत शिकवते, आणि ही वसाहत उभी राहिल्यापासून इथे राहते. मास्तरांना निरोप देताना चार शब्द बोलायचा मान मला मिळाला, तो माझ्या योग्यतेमुळे नव्हे. या वसाहतीत सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून मास्तरांनी ज्यांच्या घरी सर्वांत जास्त वेळा येऊन नियम सांगितला, त्यांत माझा नंबर बहुधा पहिला लागेल! (हसू नका. तुमच्यापैकी पुष्कळांचा दुसरा आहे.)

मला आठवतं, राहायला आल्यावर मी हौसेनं दारं निळी रंगवली. त्याच संध्याकाळी मास्तर आले. चहा घेतला. दाराकडे बघून म्हणाले, "बाई, रंग फार सुरेख आहे. चार दिवस डोळे भरून बघून घ्या, मग आपला सोसायटीचा हिरवा लावा." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी हिरवा लावला. समोर वाळत घातलेले कपडे मागच्या अंगणात गेले. ओट्यावरची चूल आत गेली. रात्री फाटक कधी लागणार, शेजाऱ्याच्या भिंतीपासून पपई किती लांब लावायची, सगळ्याला नियम! वैतागून मी एकदा म्हटलंसुद्धा, की आपण घर बांधलं की बोर्डिंगात नाव घातलं?

पण सोसायटीच्या पहिल्या सभेत मास्तर जे बोलले होते, ते मी विसरू शकत नाही. ते म्हणाले होते, "आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील खेड्यातले. गावात आपलं घर कुठं असावं, कोणत्या वाटेनं जावं, कोणत्या विहिरीवर जाऊ नये, हे सगळं ठरलेलं होतं. ते ठरवताना आपल्याला कुणी विचारलं होतं का? बाप्तिस्मा घेतला तरी गावाच्या लेखी वस्ती तीच राहिली. इथले नियम मात्र आपण एकत्र बसून, हात वर करून केलेत. म्हणून ते जाचले तरी आपले आहेत, आणि सगळ्यांना सारखे आहेत."

सुतारकाम शिकवणारा माणूस. रेघ सरळ असावी, एवढाच त्यांचा आग्रह. पण माणसांच्या संसारात सरळ रेघ ओढली की ती कुणाच्या तरी अंगणातून जातेच. आमच्याकडे ती जॉर्ज भिंगारदिव्यांच्या अंगणातून गेली.

जॉर्जभाऊ दवाखान्यात कंपाउंडर आहेत, हे पाहुण्यांच्या माहितीसाठी सांगते. त्यांच्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तिच्या आजोबांनी एक गाय दिली. तांबडी, गरीब स्वभावाची. जॉर्जभाऊंनी ती मागच्या अंगणात बांधली. आणि नियम काय होता? वसाहतीत जनावर पाळायचं नाही.

मास्तर त्यांच्याकडे गेले. जॉर्जभाऊ म्हणाले, "मास्तर, शेण मी स्वतः उचलीन. माशी दिसली तर मला सांगा. पोरीला घरचं दूध मिळतंय हो."

मास्तर म्हणाले, "आज तुमची गाय. उद्या कुणाची म्हैस, परवा कुणाच्या शेळ्या. मग नाही कुणाला म्हणायचं?"

गाय जामखेडला जॉर्जभाऊंच्या मेहुण्याकडे गेली. तिकडच्या कोरड्या मुलखात त्या साली चारा नव्हता. उन्हाळा संपायच्या आत ती मेली. त्या दिवसापासून जॉर्जभाऊंनी मास्तरांना सलाम करणं बंद केलं. रविवारी देवळात एकाच बाकावर जागा उरली, तर ते उभे राहत. अशी काही वर्षं गेली. आपण सगळ्यांनी ते पाहिलं, आणि कुणी काही बोललो नाही.

मग महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी मास्तरांच्या आई आल्या. भीमाबाई. खर्ड्याला गावाबाहेरच्या वस्तीत एकट्या राहायच्या. मास्तर किती वर्षं "इकडे या" म्हणत होते, पण त्या येत नव्हत्या. त्या साली पाऊस गेला, पाणी आटलं, तेव्हा कुठे निघाल्या. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणाऱ्या मोटारीतून उतरल्या आणि स्टँडवरून चालत थेट आपल्या फाटकाशी आल्या. एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात दावं, दाव्याला शेळी.

संध्याकाळची वेळ होती. आम्ही बऱ्याचजणी ओट्यांवर होतो. खरं सांगते, सगळ्यांच्या माना फाटकाकडे वळल्या. आता सेक्रेटरी काय करतात, हे प्रत्येकाला बघायचं होतं. जॉर्जभाऊसुद्धा दारात येऊन उभे राहिले.

मास्तरांनी आईच्या पाया पडून गाठोडं घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "आई, आत जनावर चालत नाही. नियम आहे."

"कुनी केला नियम?"

"आम्हीच केलाय."

"मंग तिला कुठं सोडू?"

"शेजारच्या शेतात मच्छिंद्ररावांचा गोठा आहे, तिथं ठेवू. चांगली सोय होईल."

"परक्या दावणीला त्वांड लावत न्हाई ती. समदी शेरडं गेली, ही येवढी ऱ्हायली. हिला सोडून म्या आत येऊन काय करू?" असं म्हणून त्या माउलीनं वसाहतीच्या भिंतीला वळसा घातला आणि मच्छिंद्ररावांच्या बांधावरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसली. रागानं नव्हे हो. दमलेलं माणूस बसतं, तशी बसली.

मास्तर आत गेले. आम्हांला वाटलं, आता चिडून दार लावून घेतील. ते बाहेर आले ते डोक्यावर खाट घेऊन. मागोमाग स्टोव्ह, दोन भांडी, कंदील. पत्नी वारल्यापासून घरात ते एकटेच. घराला कुलूप लावलं आणि आईजवळ जाऊन राहिले. मच्छिंद्ररावांनी आपणहून कडब्याच्या पेंढ्या आणून आडोसा केला. म्हणाले, "मास्तर, आमच्यात नियम न्हाई. ऱ्हावा किती बी दिस."

सकाळी मास्तर लिंबाखाली दाढी करत, मग फाटकातून आत येऊन सोसायटीचं काम बघत. कुणाची पन्हाळ गळते, कुणाचा कचरा दारात पडलाय. काम संपलं की पुन्हा बाहेर. आमच्यापैकी कुणाला घास गोड लागत नव्हता.

एके दिवशी मी चहा घेऊन गेले तेव्हा न राहवून म्हणाले, "मास्तर, तुम्हीच सेक्रेटरी. एक ओळ बदलायची, त्यात काय मोठंसं?"

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "बाई, आईसाठी बदलली तर जॉर्जला कोणत्या तोंडानं भेटू?"

शेवटी कमिटीनं सर्वांची सभा बोलावली. रेव्हरंडसाहेब तेव्हाही अध्यक्ष होते. त्यांनी मोठ्या मनानं सुचवलं, की भीमाबाईंचं वय पाहता त्यांच्यापुरती सूट द्यावी. मास्तर लगेच उभे राहिले. "प्रश्न माझ्या घरचा आहे, मी मत देणार नाही. पण एका घरापुरती सूट नको," म्हणाले, आणि कमिटीच्या खुर्चीवरून उठून मागे जाऊन बसले.

मग जॉर्जभाऊ उठले. "बरोबर आहे. सूट नकोच. माझी पोर तान्ही होती, तेव्हा कुणाला दया आली नाही. आज सेक्रेटरींची आई आली, तर लगेच सभा? नियम आहे तसा राहू द्या."

तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. भीमाबाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी सभेची न्हाई, मला बोलायचा हक न्हाई, ठावं हाय. मला आत घ्या म्हनून बी सांगत न्हाई. आमी जल्मभर गावाच्या भायेरच ऱ्हायलो, मला सवय हाय त्याची. पन ह्यो माझा लेक. ह्याला शिकिवला, का तर ह्यानं तरी आत ऱ्हावं. आज माझ्यापायी ह्यो पुना भायेर आला. तेवढं मला बघवत न्हाई, बाबांनो."

एवढंच बोलल्या आणि वळून गेल्या.

आपण ज्या गोष्टीतून सुटून इथे आलो, तिचीच एक भिंत आपण आपल्या हातांनी बांधली होती का? मी तेव्हा हा प्रश्न स्वतःला विचारला. आजही माझ्याजवळ त्याचं सोपं उत्तर नाही. भिंत नसती तर वसाहतही नसती, हेही खरंच आहे ना?

जॉर्जभाऊ उभेच होते. कित्येक वर्षांत पहिल्यांदा ते मास्तरांकडे वळून बोलले. "मास्तर, एकच विचारतो. माझ्या गाईच्या वेळी हा नियम बरोबर होता का?"

मास्तर उठले. "नव्हता. आणि मला ते तेव्हाही कळत होतं. मला भीती वाटली, की एकदा वाकवला तर सगळेच नियम मोडतील. नव्यानं उभी राहिलेली वसाहत, लोक काय म्हणतील, याची भीती. गाय गेल्याचं कळलं तेव्हा तुमच्या घरी यायला पाहिजे होतं. दोनदा तुमच्या दारापर्यंत आलो आणि परत गेलो. जॉर्ज, माझं चुकलं."

जॉर्जभाऊ खाली बसले. रुमालानं तोंड पुसलं. पुन्हा उठले आणि म्हणाले, "मग आजींसाठी म्हणून नको. सगळ्यांसाठी बदला. मागच्या पडीक जागेत गोठा बांधा, ज्याला जनावर ठेवायचं त्यानं तिथं ठेवावं, सफाई त्यानंच करावी. हा माझा ठराव."

मास्तरांचा सोडून एकही हात खाली राहिला नाही. गोठा मास्तरांनी आपल्या हातानं बांधला, आणि वासे धरायला जॉर्जभाऊ होते. भीमाबाई घरात आल्या. गोठ्यात पुढे शेळ्या आल्या, एक म्हैस आली. जॉर्जभाऊंनी मात्र गाय पुन्हा आणली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "नको बाई. ती जागा भरून निघत नाही." समेट झाला म्हणजे सगळ्याची भरपाई होते, असं आपण समजतो. तसं नसतं.

पुढच्या साली पाऊस बरा झाला आणि भीमाबाई शेळी घेऊन खर्ड्याला परत निघाल्या. मी म्हटलं, "आजी, इथं काय कमी आहे?" हसून म्हणाल्या, "कमी काय बी न्हाई, लेकी. पन हितं दर बारीला कुनाला तरी इचारावं लागतं."

आता त्यांची नजर गेली आहे. त्या इकडे यायला तयार नाहीत, म्हणून नोकरीतून निवृत्त होताच मास्तर तिकडे, गावाबाहेरच्या त्याच वस्तीत, त्यांच्याजवळ राहायला निघाले आहेत. आपल्या नियमाप्रमाणे जो घरात राहत नाही, त्यानं घर सोसायटीला परत करायचं असतं. गेल्या महिन्यात कमिटीनं ठरवलं, की मास्तरांचं घर कुलूप लावून त्यांच्यासाठी ठेवावं. मास्तरांनी काय केलं असेल, हे सांगायला हवं का? किल्ली अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली. त्या घरात आता आपल्या दवाखान्याच्या नर्स लिडियाबाई राहायला येतील. त्या कधीच्या जागेसाठी थांबल्या आहेत.

आणि एक शेवटची गोष्ट, जी जाहीर करायची परवानगी मला अध्यक्षांनी दिली आहे. नवे सेक्रेटरी म्हणून मास्तरांनी एकच नाव सुचवलं. जॉर्ज भिंगारदिवे. जॉर्जभाऊंनी एका अटीवर होकार दिला. दर वर्षीची सभा सुरू होताना प्रार्थनेनंतर सर्वांत आधी, त्या वर्षी ज्याला एखादा नियम जाचला असेल, त्यानं उठून बोलायचं. त्याचं ऐकून झाल्याशिवाय दुसरं काम घ्यायचं नाही. ही अट ऐकल्यावर मास्तर जागेवरून उठले, जॉर्जभाऊंजवळ गेले, आणि या वेळी आधी सलाम मास्तरांनी केला.

मास्तर, भीमाबाईंना आमचा सलाम सांगा. देव आपल्या सोबत राहो.

अध्यक्षमहाराजांनी मला बोलू दिलं, काकासाहेबांनी घड्याळाकडे न बघण्याचं सौजन्य दाखवलं, आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मी आपली ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचा उल्लेख राहून गेला असेल, तर आपल्या घरचीच आहे असं समजून मला क्षमा करावी. नाहीच करता आली, तर येत्या सभेत प्रार्थनेनंतर उठून सांगावं. मी ऐकून घेईन.