गळाला लावलेला प्रसाद

सोळा सोमवार करून मी पार थकले होते, बघा. उद्यापनाच्या दिवशी ह्यांच्या वाटणीचा प्रसादाचा चुरमा झाकून ठेवला, तर वाटी गायब आणि हे भीमेवर मासे धरायला गेलेले. शेजारचे गफूरमामा म्हणाले, "पोरी, म्याच सांगितलं त्येला, आमिषाला वास पायजे. तुपाचा वास लई लांब जातो."

घरधन्याने प्रसाद खाल्ला नाही, तर व्रत पुन्हा पहिल्यापासून. अंगात त्राण कुठलं?

संध्याकाळी हे रिकाम्या हातानं आले.

"अहो, प्रसाद माशांना घातलात?"

"एकच गोळी लावली गळाला. मासा काय आला न्हाई."

"आणि बाकीचा?"

"त्या वासानं मलाच भूक लागली. समदा बसल्या जागी खाल्ला."