जावयाचा कोट

‘आईने लावलेला लग्नाचा धोशा एकदाचा थांबव,’ असं सांत आंतोनीला साकडं घालून, मेणबत्ती लावून काइतान परतत होता. दिवाडीच्या फेरीबोटीच्या रांगेत त्याच्या पुढे दोघी बायका उभ्या होत्या.

“एस्मेराल्दा, हा कोट कोणाचा गं?”

“जावयाचा. शिंप्याकडून आत्ताच आणला.”

“अगं बाई! पोरीचं जमलं कधी?”

“अजून कुठे जमलंय?”

“मग शिवलास कोणाच्या मापाने?”

“रोज देवाकडे मागते ना, त्याच मापाने. छाती अडतीस, बाही चोवीस. मोघम मागितलं की तो काहीही पाठवतो. तुझा जावई बघ.”

“माझ्या जावयाला नावं ठेवू नकोस! आणि येणारा जाडा निघाला तर?”

“शिंपीही तेच म्हणाला, आत थोडं जास्तीचं कापड ठेवू या. मी म्हटलं, खबरदार! देवाला काय वाटेल?”

एवढं बोलून एस्मेराल्दा मागे वळली आणि तिने काइतानला आपादमस्तक न्याहाळलं.

“पुता, जरा घालून बघतोस?”

काइतानने संकोचत कोट चढवला. कुठे एक सुरकुती म्हणून पडली नाही.

“काखेत काचतो?”

“नाही, मावशी.”

“लग्न झालंय?”

“नाही.”

“मग काढू नकोस. आई घरीच असेल ना आत्ता?”