ज्याच्यावर गाणं, त्याला आधी

— नाय नाय ताई, बसा हो! नाशिकहून आलात, कुसाबाईवर पुस्तक लिहिताय, आन माझा चहा न पिता जाणार? विंचूरच्या गाडीला टाइम हाय अजून. टेप राहू द्या चालू, आपल्याला काय भीती! हां, ऐकलं ते खरं हाय — हे हाटेल आधी देशी दारूचं दुकान होतं, माझंच, आन ते बंद पाडलं कुसाबाईच्या गाण्यानं. दोन हजार तीन साली बायांचं मतदान झालं ना — उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. अर्ध्याच्या वर बाया लागत होत्या, सतरा जास्त निघाल्या. आन रांगेत पहिली कोण? आमची आशा! माझी बायको! हसा, हसा, सगळं गाव हसलं.

पण बाई मोठी, कबूल. बाजारात भाजीची पाटी घेऊन बसायची, तिथंच गाणी रचायची. अंबडला कंपनीच्या गेटवर कामगारांसाठी गायली, येवल्यात विणकरांसाठी गायली, दोन कॅसेटी निघाल्या — नियम मात्र एकच. ज्याच्यावर गाणं, त्याला आधी ऐकवायचं. खोटं असंल तर काढून टाकीन म्हणायची. कंपनीच्या साहेबालाबी ऐकवलं, त्यानं वॉचमन बोलावला. मतदानाच्या आठ दिस आधी माझ्याकडं आली, काउंटरसमोर उभी राहून गायली. गिऱ्हाइकांनी हातातले गिलास खाली ठेवले! आन मी काय केलं? मी म्हणलं, कुसाबाई, खोटं काय नाय, पण तिसऱ्या कडव्यात तू भाषण ठोकलंस. आता मी पडलो भजनातला पखवाजवाला, मला मोडका ठेका सहन होत नाय. काउंटरवरच हात मारला आन बोलून गेलो — ‘त्याच्या दारी रोज दिवाळी, माझ्या चुलीला एकादशी!’ तिनं ती ओळ दोनदा म्हणून बघितली. म्हणली, खंडेराव, काय दिलंस कळतंय का तुला? मला कुठलं कळतंय, मी आपला खूष!

हे पुस्तकात नको हां, ताई. आशाला ठाऊक नाय. ती म्हणते, त्या एका ओळीनं माझे पाय मतदानाला शाळेकडं वळले, नायतर नवऱ्याच्या पोटावर कोण पाय देतं? वाईट? वाटलं ना, सहा महिने. मग माझी दारूबी सुटली — मीच पयलं गिऱ्हाईक होतो की दुकानाचं! आता लय बरं चाललंय. पाच वर्षं झाली, घरात भांडण झालं की मीच जिंकतो. ‘तू माझं दुकान बुडवलंस’ म्हणलं की बिचारी गप, वर धिरडी करून घालते. हे कळलं तर मेलोच मी.

ती बघा, दूध घेऊन आलीच. आन तेच गुणगुणतेय — अगं, ‘आमच्या’ नाय गं! ‘माझ्या’! ‘माझ्या चुलीला’! ठेका मोडतो तिथं, म्हणून तर मी ‘माझ्या’ घात—

...

टेप बंद करा, ताई. गाडी लागली तुमची. निघा.