घसाऱ्याची तरतूद

...आणि टाळ्या कोणी सुरू केल्या, माहितीये? मी! हो, मीच, नाहीतर कोण! प्रेक्षकांच्या सज्ज्यात पहिल्या बाकावर, अख्ख्या गल्लीतल्या बायका सोबत घेऊन, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या! आणि खाली सभागृहात एवढी शांतता, एवढी शांतता, की पंखा कुरकुरतोय तेसुद्धा ऐकू यावं! तुम्हाला सांगते, धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना? पण सज्जा पहिल्या मजल्यावर असला की धरणीचाही काही उपयोग नाही हो... थांबा, मी मधूनच सुरू केलं. माझं हे असंच होतं, लाज आठवली की शेवट आधी तोंडात येतो.

तर आमचे हे. जुन्या स्कूटर, मोटरसायकली घ्यायच्या, ठाकठीक करायच्या आणि विकायच्या, हा धंदा. आणि यंदा पहिल्यांदाच नगरपालिकेवर निवडून आले. कशाच्या जोरावर? एका उताराच्या! हसू नका. आमची गल्ली वर टेकाडावर आणि बस, दवाखाना, बाजार सगळं खालच्या रस्त्याला, मधे तो उतार. मुरूम आणि बारीक खडी. पाय ठेवला की खडी पुढे आणि आपण खडीच्या मागे! गल्लीत त्याला कोणी उतार म्हणतच नाही, सगळे घसाराच म्हणतात. 'घसाऱ्यावरून जपून जा गं', 'घसाऱ्याखाली रिक्षा थांबव', असं. त्या घसाऱ्यावर आमच्या सासूबाई पडल्या, मनगट मोडलं. आता त्यांची धाकटी बहीण, आमच्या मावशी, राहतात बरोब्बर घसाऱ्याच्या पायथ्याशी. एकही दिवस एकमेकींना भेटल्याशिवाय न राहणाऱ्या बहिणी, पण पडल्यापासून सासूबाईंना उतरायचा धीर होत नाही आणि मावशींचे गुडघे चढू देत नाहीत. मग काय, वरून ह्या ओरडणार, 'जेवलीस का गं?' खालून त्या, 'काय म्हणालीस?' 'जेवलीस का!' 'नाही, अजून आलीच नाही!' कोण आली नाही, देव जाणे! आम्ही हसायचो. पण एकदा सासूबाई आत आल्या आणि ह्यांना म्हणाल्या, 'ती रडत होती का रे खाली? मला एवढ्या लांबून दिसलं नाही.' त्या दिवशी ह्यांनी ठरवलं, निवडणुकीला उभं राहायचं आणि तिथं पायऱ्या बांधायच्या.

राहिले, निवडून आले, आणि मग घरी आलं ते अंदाजपत्रक. म्हणजे पालिकेचं वर्षाचं बजेट हो! जाड एवढं की उशाला घ्यावं. हे जेवणाच्या टेबलावर तांबडी पेन्सिल घेऊन बसले. 'महसुली जमा'... हं. 'भांडवली खर्च'... हं हं. 'आरंभीची शिल्लक'... हंऽऽ! नुसते हुंकार चाललेत. मी म्हटलं, 'अहो, कळतंय का?' तर म्हणे, 'न कळायला काय झालं? मराठीच आहे की!' आता मराठी आहे हे खरं, पण मराठीत काय काय असतं! मी भाजी चिरता चिरता विचारलं, 'लेखाशीर्ष म्हणजे काय हो?' म्हणाले, 'लेखाचं शीर्षक.' म्हटलं, 'मग लेख कुठाय?' तर म्हणे, 'तू भाजी चीर.' अहो, तिकडे लेखाधिकारी बसलाय ना, त्याचं कामच आहे ते, त्याला जाऊन विचारा! विचारायला काय पैसे पडतात? पण नाही! निवडणुकीत भर चौकात 'जाब विचारणार, जाब विचारणार' म्हणून घसा फोडला, आणि आता साधा अर्थ विचारायची लाज!

आणि तेवढ्यात टेबलावर एवढा मोठा हात आपटला की चिरलेली भाजी खाली. 'सापडलं! अगं, घसारा! आपला घसारा! छापून आलाय!' मी बघते तर खरंच हो, काळ्या अक्षरात, 'घसारा', आणि पुढे रक्कम... आकडा ओळीत मावत नव्हता! मला क्षणभर वाटलं, एका उताराला एवढे? पायऱ्या करणार की सरकता जिना? पण हे म्हणाले, 'कठडा येईल, दिवे येतील, बसायला बाक येतील.' मीही म्हटलं, येतील बाई. मी तरी विचारायचं होतं ना? मला काय पैसे पडत होते? पण नवऱ्याचं नाव होणार म्हटल्यावर कुठली बायको शंका काढते? सासूबाई तर तशाच बाहेर धावल्या, 'अगंऽऽ, आपला घसारा पुस्तकात आलाय!' खालून मावशी, 'कोण वारलं?' 'वारलं नाही, मंजूर झालंय!' झालं, गावभर.

आणि मग तो सभेचा दिवस. हे इस्त्रीच्या शर्टात. नगराध्यक्षबाई म्हणाल्या, 'अंदाजपत्रकावर कोणा सन्माननीय सदस्यांना बोलायचं आहे का?' एक ज्येष्ठ सदस्य आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, तेसुद्धा नुसते डोळे मिटून बसलेले. आणि आमचे हे उठले! ताठ! 'अध्यक्ष महोदया, घसाऱ्यासाठी एवढी भरघोस तरतूद केल्याबद्दल मी प्रशासनाचे जाहीर आभार मानतो! मात्र ही संपूर्ण रक्कम माझ्याच वॉर्डात खर्च झाली पाहिजे, कारण खरा घसारा फक्त आमच्याकडे आहे!'

आणि मी टाळ्या.

मग ते लेखाधिकारी उठले. किडकिडीत, मऊ बोलणारा माणूस. आधी खाकरले. 'सन्माननीय सदस्य... घसारा म्हणजे झीज.' हे म्हणाले, 'झीजच तर! सगळी खडी झिजून खाली आलीये!' 'नाही, म्हणजे... पालिकेच्या मालमत्तेची झीज. इमारती, पंप, कचऱ्याच्या गाड्या जुन्या होतात, त्यांची किंमत दरवर्षी जेवढी उतरते, तेवढी हिशेबात दाखवायची. ते पैसे कोणाला द्यायचे नसतात.' 'म्हणजे? एवढे छापलेत की!' 'छापलेत. पण ते नाहीत.' 'नाहीत तर छापले कशाला?' आता माझा हात असा हवेतच राहिलेला, टाळीच्या मधे! लेखाधिकारी बिचारे समजावण्याच्या भरात, 'साहेब, आपला व्यवसाय जुन्या गाड्यांचा ना? मग बघा, नवी गाडी शोरूममधून बाहेर पडली की...' आणि आमचे हे! धंद्याची गोष्ट निघाली की ह्यांना धीर धरवतोय होय? 'बाहेर पडली की तिथंच किंमत उतरली, साहेब! पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त, मग दरवर्षी थोडी थोडी. गिऱ्हाईक म्हणतं, गाडी उभीच होती, चालवलीच नाही, तरी आपण कमी करायचीच, कारण उभी गाडीसुद्धा जुनी होते...' असं खुलून खुलून सांगतायत, सांगतायत, आणि मधेच थांबले. लेखाधिकारी हळूच म्हणाले, 'तोच घसारा.'

तुम्हाला सांगते, सगळं आयुष्य त्या घसाऱ्यावर जेवलेला माणूस, पण शब्द ओळखीचा नाही! आणि ते डोळे मिटून बसलेले अण्णा, ते नेमके आत्ता जागे झाले. 'घसरले हो, सदस्य घसरले!' मग जे हसले सगळे! नगराध्यक्षबाईंनी तोंडाला रुमाल लावला. ह्यांचे कान वरून मला दिसत होते, लालबुंद. आणि मला काय वाटलं सांगू? माझ्या नवऱ्याला हसतायत म्हणून राग यायला हवा होता ना? नाही आला. मला लाज वाटली. ह्यांची लाज वाटली, आणि ह्यांची लाज वाटली याची आणखी लाज वाटली. शेजारची शिवणकामवाली मला विचारते, 'वहिनी, आता टाळ्या वाजवायच्या का?'

येताना घसाऱ्याच्या पायथ्याशी मावशी उभ्याच. 'झालं का रे मंजूर?' हे म्हणाले, 'झीज मंजूर झाली, मावशी,' आणि वर न बघता चढायला लागले, तर तिथं खरोखरच पाय सटकला हो! त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दुकानाचं शटर अर्धं खाली, गिऱ्हाइकानं वाकून यायचं! मी बाजारात गेले की बायकांच्या गप्पा बंद. एकीनं तर मला विचारलं, 'तुमच्याकडं जुना फ्रिज आहे ना, त्याला किती मंजूर झाले?' मी कोथिंबीर न घेताच परत आले.

लाजल्या नाहीत त्या फक्त सासूबाई. म्हणाल्या, 'चुकलास तर चुकलास. लहानपणी काय कमी चुकलास? मला एवढंच सांग, पायऱ्या होणार की नाही?' हे उगाच तांबड्या पेन्सिलीला टोक काढायला लागले. 'माहीत नाही ना? मग जा, विचारून ये. विचारायला काय पैसे पडतात?' बघा, मी म्हटलं तर 'भाजी चीर', आणि आईनं म्हटल्यावर गेले!

गेले, लेखाधिकाऱ्यांच्या खोलीत शिरले, आणि आधी दार लावून घेतलं! म्हणाले, 'साहेब, मला काहीही कळत नाही. पहिल्या पानापासून.' तो माणूस हसला नाही हो. चहा मागवला. म्हणाला, 'स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. लेखाशीर्ष म्हणजे डबा. प्रत्येक कामाच्या पैशाचा वेगळा डबा, वर चिठ्ठी. रोजचा किराणा, लाइटबिल तो महसुली खर्च, आणि कपाट घेतलं, खोली वाढवली तो भांडवली. गेल्या वर्षीचं उरलंसुरलं ती आरंभीची शिल्लक. आणि साखरेच्या डब्यातलं चहाच्या डब्यात टाकायचं तर आपल्या मनानं टाकायचं नाही, सभेला विचारून टाकायचं, त्याला म्हणायचं पुनर्विनियोजन.' हे म्हणाले, 'एवढंच? मग असं का नाही लिहीत?' तर ते म्हणे, 'असं लिहिलं तर सगळ्यांना कळेल.'

मग दोघांनी मिळून डबे हुडकले. रस्त्यांचा डबा रिकामा, दिव्यांचा रिकामा, बागेच्या डब्यात नुसती बिलं. आणि एक डबा गच्च भरलेला, वर्षानुवर्षं कोणी झाकणसुद्धा उघडलेलं नाही. 'सदस्य प्रशिक्षण : अंदाजपत्रकातील संज्ञांची ओळख.' हे म्हणाले, 'म्हणजे हे शब्द शिकवायला पैसे होते?' 'दरवर्षी असतात. दरवर्षी वर्ग ठेवतो. कोणी नाव देत नाही.' 'का?' 'नाव दिलं तर कळतं ना, की आपल्याला कळत नाही!'

घ्या! म्हणजे विचारायचे पैसे पडतच नव्हते, उलट पालिका भरत होती!

आता ते पैसे पायऱ्यांना घ्यायचे तर ठराव मांडायला हवा, त्याच सभागृहात, त्याच लोकांपुढे. हे रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. सकाळी म्हणाले, 'तू येऊ नकोस.' मी गेलेच. पण शेवटच्या बाकावर, पदर तोंडावर घेऊन. उठले हे. इस्त्री नाही, काही नाही. 'अध्यक्ष महोदया, मागच्या वेळी मी काय बोललो ते सगळ्यांना आठवतंय. मला घसारा कळला नव्हता. मला अजून बरंच कळत नाही. या प्रशिक्षणाला खरं तर मीच आधी बसायला हवं. पण माझी आई घसाऱ्यावरून पडलीये, म्हणून तो वर्ग रद्द करून त्या पैशाच्या पायऱ्या बांधाव्यात, अशी विनंती आहे.' आणि काय सांगू, भराभरा हात वर! चर्चा नाही, विरोध नाही, दुरुस्ती नाही! नळाच्या वेळेवरून भांडणारी माणसं, पण वर्ग रद्द म्हटल्यावर असं एकमत! बाहेर आल्यावर अण्णांनी ह्यांना खांबाआड ओढलं, इकडंतिकडं पाहिलं, आणि हळूच म्हणाले, 'अहो, मी हात वर केला तो... ते पुनर्विनियोजन म्हणजे काय हो?'

झाल्या पायऱ्या. छान झाल्या, कठडासुद्धा झाला. बाक नाही झाला, जाऊ द्या. पण पालिकेचा नियम, ज्या डब्यातले पैसे त्या डब्याचं नाव फरशीवर कोरायचं, म्हणून खाली पायथ्याला, पहिल्याच पायरीजवळ संगमरवरी फरशी : 'काम : पायऱ्या व कठडा. निधी : सदस्य प्रशिक्षण.' वर ह्यांचं नाव, ठळक! ह्यांनी गवंड्याला म्हटलं, 'थोडं झुडपाआड लाव की.' तर तो म्हणतो, 'साहेब, लाजायचं काय त्यात!'

पहिल्या दिवशी सासूबाई कठडा धरून एकेक पायरी उतरल्या. खाली मावशी उभ्या. दोघी एकमेकींचे हात धरून किती वेळ तशाच. अख्खी गल्ली बघतेय, माझ्याही डोळ्यांत पाणी, ह्यांच्याही. तेवढ्यात मावशींचं लक्ष फरशीकडं गेलं, आणि वर्षभर ओरडून बोलायची सवय लागलेली, त्यामुळं आवाज टिपेचा, 'ताई, हे सदस्य प्रशिक्षण म्हणजे गं काय?'

आणि सासूबाई, तेवढ्याच मोठ्यानं, 'अगं, आमच्या पोराला अक्कल यावी म्हणून ठेवलेले पैसे होते. म्हटलं, त्यापेक्षा पायऱ्या बऱ्या!'