टोपलीतली करंजी

मोदकांचा विषय निघालाच आहे, तर आमच्या हिचं सांगतो.

चौलला आमच्या घरी गणपतीत हिच्या हातचे मोदक खायला सगळी आळी यायची. पुढे हातांना कंप सुटला आणि हिने मोदक करणंच सोडलं. आम्ही विकतचे आणायला लागलो.

मुलगा न्हावा शेवाला बंदरात कामाला आहे. मध्ये त्याने आम्हाला पनवेलच्या एका चिनी हॉटेलात नेलं. बांबूच्या टोपलीत वाफाळलेले डंपलिंग आले.

ही वाकून म्हणाली, "हे तर मोदक हायत!"

"आई, आत कोंबडी आहे," सून म्हणाली.

"अगो बाय! गणपतीला सांगू नको हां." मग टोपलीत शोधत विचारते, "आणि करंजी न्हाय?"

आमच्याकडे मोदकांबरोबर एक करंजी उकडतातच. मोदकांना बहीण हवी ना.

मुलगा ओशाळला. "आई, इथे कुठली करंजी?"

पण स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी ऐकलं होतं. त्या हसत एक पारी आणि सारण घेऊन आल्या. "मौसी, आप दिखाओ."

हिने पारी दुमडली. कड दाबताना बोटं थरथरली, तशी हिने पारी खाली ठेवली. सुनेने हळूच हिच्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि दोघींनी मिळून कड दाबली.

परतताना गाडीत ही सुनेला म्हणाली, "यंदा विकतचे नको. उकड तू काढ, कळ्या दोघी पाडू."

मी घरी आल्यावर नारळ सोलायला बसलो. गणपती यायला अजून अख्खा पावसाळा होता.