आधी त्याला बसू द्या

मंडळी, शुक्रवारची सुट्टी असून तुम्ही एवढे सगळे आलात, कोणी शारजाहून, कोणी थेट अबुधाबीहून. सुनंदाताईंनी मात्र विचारलं असतं, "मी जिवंत होते तेव्हा कुठे होता रे सगळे?" मला आज धड बोलता येईल असं वाटत नाही. रडू कमी आणि चीड जास्त येतेय. सांभाळून घ्या.

ताई आपल्या मुलांना मराठी शिकवायच्या. मुलं उत्तरं इंग्लिशमध्ये द्यायची, ताई पुन्हा मराठीतच विचारायच्या. त्यांनीच ते नाटक बसवलं होतं. आठवतंय? पूर्वी अमेरिकेतल्या शहरांत गिरण्यांमध्ये राबणारी, रस्त्यावर पेपर विकणारी, बूट पुसणारी लहान लहान मुलं. आपल्या पोरांच्या गालांना मीच काजळ फासलं होतं. माझा रोहन पेपरवाला झाला होता. काय टाळ्या पडल्या! बायका रुमाल काढून बसल्या होत्या.

आणि तेव्हा दाराशी कोण उभं होतं? केटररचा पोऱ्या, संतोष. सकाळपासून खुर्च्या वाहत होता, आणि आपल्यातलंच कुणीतरी त्याच्यावर ओरडत होतं, "यल्ला, जल्दी कर!" अहो, तो रत्नागिरीकडचा. नाटकातलं सगळं त्याला कळत होतं. पडदा पडल्यावर त्यानं ताईंना विचारलं, "मॅडम, ती पोरं मग घरी गेली का हो?"

 दुसऱ्या दिवशी ताई मला घेऊन रास अल खोरला त्या केटररच्या गोडाऊनवर धडकल्या. त्यानं संतोषचा पासपोर्ट नाचवला. वय बावीस! ताई कडाडल्या, "भैया, इसका आवाज भी नहीं फूटा, और बाईस?"

मग त्या आपल्याकडे आल्या. म्हणाल्या, "तुम्ही मोठ्या हुद्द्यांवरची माणसं आहात. चौघं माझ्याबरोबर चला, तुमचं तो ऐकेल." काय उत्तर दिलंत? "ताई, आपल्याला इथे राहायचंय. नाटक छान झालं ना? खलास, आता ताणू नका." अहो, चार माणसं मागितली होती त्यांनी! चार!

आठवडाभरात संतोष दिसेनासा झाला. कुणी म्हणालं, फुजैराला पाठवला. ताई सुट्टी मिळाली की तिकडे जायच्या, बंदराजवळच्या खानावळींत विचारत फिरायच्या. परवा दवाखान्यात, श्वास पुरत नव्हता तेव्हाही मला विचारलं, "काही कळलं का गं त्याचं?" 

आता जरा मागे वळून बघा. आज या खुर्च्या कुणी मांडल्या? तो बघा, दाराशी, पाण्याचा ट्रे घेऊन. मिसरूडसुद्धा फुटलेलं नाही. नाव विचारलंत कुणी? त्याचं नाव गणेश. मी विचारलंय.

आपण ताईंसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभे राहणार आहोत. पण आधी ही पुढची खुर्ची रिकामी करा. गणेश, बाळा, तो ट्रे ठेव खाली. ये. कुणी ओरडणार नाही. बस इथे.

उद्या सकाळी मी याच्या मालकाकडे जाणार आहे. मला चार माणसं हवी आहेत. दोन मिनिटं संपली की ज्यांना यायचं नाही त्यांनी बसा. येणाऱ्यांनी उभंच राहा.

उठा, मंडळी.