बारीक वैनी

‘खा गं बाय, वाऱ्यावर उडशील,’ आईचा जुना सूर एथेलला आठवला. गोराईच्या बोटीच्या रांगेत तिची नणंद जॅकलिन बोलत होती.

“डाएटिशियन नॅटलीबाईंचा उद्या सत्कार. भाषण माझं. बाईंनी अख्खं गाव बारीक केलं, असंच सांगणार.”

“त्या बारीक करत नाहीत, जॅकी. जेवणाची धास्ती घेतलेल्यांना बरं करतात.”

“जेवणाची धास्ती? ते बांद्र्याच्या पोरींचे नखरे. आपल्याकडे बोंबील दिसला की ताट पुढे.”

“आपल्याकडेपण असतो तो आजार. म्हणून तर बाई गावात येतात.”

“राहू दे. तू केवढी झकास बारीक झालीस, वैनी. तुलाच स्टेजवर उभी करते, नमुना म्हणून.”

“कर. पण सांग, ही जेवून ओकते. बाईंनी अजून बरी नाही केली, पण ताटावर बसवली.”